आजेसासूबाईंच्या गाठोड्यातले पितळी डबे : घासावेत, वापरावेत की आहेत तसेच ठेवावेत?

प्रश्न : दर्यापूरची सून

नमस्कार. आमचे गाव दर्यापूर तालुक्यात आहे. या उन्हाळ्यात आम्ही जुने धाब्याचे घर उतरवले, तेव्हा गोठ्यावरच्या माळ्यात गोणपाटात बांधलेले एक गाठोडे सापडले आणि त्यातून नऊ पितळी डबे निघाले. आजेसासूबाई जाऊन एकवीस वर्षे झाली. त्यांच्यामागे ते गाठोडे कोणी सोडलेच नव्हते. आता नव्या स्लॅबच्या घरात त्यांचे काय करावे, यावर घरात तीन माणसांची चार मते आहेत, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

डबे असे आहेत. घुमटासारख्या झाकणाचा एक मोठा पानाचा डबा असून त्याच्या वरच्या तबकात सहा वाट्या बसतात आणि तबक उचलले की खाली पाने ठेवायची जागा दिसते. दोन करंडे आहेत, त्यांपैकी एकात कुंकवाखाली लावायचे मेण दगडासारखे वाळून बसलेले आहे. चुन्याच्या तीन डब्या आहेत आणि एकीला साखळीने बारीकसा चमचा जोडलेला आहे. कडी-कोयंड्याची एक लांबट पेटी आहे, जिच्या झाकणावर समोरासमोर दोन मोर उठवलेले आहेत. एका गोल डब्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत काही नाव आणि त्यापुढे ‘शके १८३५’ असे कोरलेले आहे, मात्र नाव नीट वाचता येत नाही. शेवटचा डबा साधाच आहे, परंतु त्याच्या झाकणाच्या कडेला केसासारख्या बारीक भेगा पडल्या आहेत. तो कधी पडल्याचे किंवा आपटल्याचे कोणाला आठवत नाही.

धाकट्या दिरांनी उत्साहाच्या भरात त्यांतला एक करंडा फरशी धुण्याच्या ॲसिडमध्ये बुडवला. तो क्षणात लख्ख झाला खरा, पण त्याचा रंग पितळेचा न राहता तांब्यासारखा गुलाबी झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर काळे डाग उमटले. तेव्हापासून बाकीच्या आठ डब्यांना मी कोणाला हात लावू दिलेला नाही. दरम्यान मोटारसायकलवर फिरणारा मोडवाला सगळ्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देतो म्हणून गेला, आणि त्याच्या मागोमाग शहरातून आलेल्या एका गृहस्थांनी फक्त मोरांच्या पेटीची किंमत विचारली. आपले ग्राहक परदेशात असतात, असे ते म्हणाले.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे डबे किती जुने असावेत, ते स्वच्छ कसे करावेत आणि पानाचा डबा तिखट-मिठाचा डबा म्हणून स्वयंपाकघरात वापरता येईल का?

उत्तर १ : भंडाऱ्याचा कासार

ताई, आपण बाकीचे आठ डबे आवरून धरलेत, हे फार बरे केले. आमच्या घरात तीन पिढ्या पितळेचे काम झाले. मी आता ते करत नाही, परंतु भंडाऱ्यात वाढलेल्या माणसाच्या कानातून ठोक्यांचा आवाज सहसा जात नाही, म्हणून जे ठाऊक आहे ते लिहितो.

शके १८३५ म्हणजे त्यात ७८ मिळवून इसवी सन १९१३ येते. परंतु ही तारीख डबा घडवल्याची आहे, असे मात्र धरू नका. भांड्यावर नाव घालण्याची पद्धत लग्नात किंवा अन्य प्रसंगी भांडे देताना पाळली जात असे, त्यामुळे डबा त्याच वर्षी दुकानातून आणलेला असेल किंवा आधीच्या पिढीकडून आलेला असेल. एवढे खरे, की तो त्याहून नवा नाही. नाव वाचायचे असेल तर अक्षरांत चुना किंवा पीठ भरू नका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून उजेड एका बाजूने पाडा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची सावली पडते आणि अक्षरे लागतात. अक्षर देवनागरीसारखे न वाटता सलग ओढलेले वाटले, तर ते मोडीत असण्याचा संभव आहे. मग मोडी वाचणाऱ्या एखाद्या माणसाला फोटो दाखवावा लागेल.

इतर डब्यांचे वय आकड्याने सांगता येत नाही, पण घडणीवरून पुष्कळ कळते. डबा आतून पाहा. पत्र्याचा जुना डबा असेल, तर त्याच्या भिंतीत एक उभी, करवतीच्या दातांसारखी रेघ सापडेल. पत्र्याच्या दोन कडांना दाते पाडून ते एकमेकांत बसवत, पितळेची झाळ देत, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधत, आणि मग ठोकून सपाट करत. हातमाठाराच्या डब्यावर हात फिरवला की बाहेरून गुळगुळीत वाटले तरी आतून ठोक्यांचे खळगे जाणवतात. ओतीव डबा जड असतो आणि आतल्या बाजूने थोडा खरबरीत असतो, कारण तिथे कानस नीट पोहोचत नाही. साच्याच्या यंत्रावर दाबलेल्या डब्यात यांपैकी काहीच नसते, फक्त समान, गोल, बारीक रेषा दिसतात.

मोरांच्या पेटीची तपासणी जरा जास्त काळजीने करा. आधी चुंबक लावा. पितळेला चुंबक धरत नाही, आणि धरला तर वर पितळेचा मुलामा आणि आत लोखंड आहे. नंतर बिजागरीचे स्क्रू पाहा. अधिक चिन्हाची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकातील शोध आहे, तेव्हा असा स्क्रू त्याच्या आधीच्या वस्तूवर मुळात असूच शकत नाही. मात्र बिजागरी मागाहून बदललेली असू शकते, म्हणून एका स्क्रूवरून सगळी पेटी नवी ठरवू नका. शेवटी झीज पाहा. रसायनाने ‘जुना’ केलेला माल सगळीकडे सारखा काळपट असतो आणि नक्षीच्या खोल भागात एकसारखे काळे भरलेले दिसते. खरी जुनी पेटी मात्र जिथे बोट लागते तिथेच झिजलेली असते, म्हणजे कोयंड्याजवळ, झाकणाच्या समोरच्या कडेला आणि तळाच्या चार कोपऱ्यांवर. मोराची मान त्याच्या पिसाऱ्यापेक्षा जास्त गुळगुळीत असेल, तर कोणीतरी ती पेटी वर्षानुवर्षे तिथे अंगठा ठेवून उघडत होते.

आता तिखट-मिठाच्या डब्याविषयी. पानाच्या डब्यातल्या वाट्यांच्या आतून पांढरट चमक दिसत असेल, तर ती जुनी कल्हई आहे. नवी कल्हई करून घेण्यापूर्वी झाळ तपासा. जुन्या डुगडुगत्या डब्यांना पुढे कोणीतरी कथील-शिशाची राखाडी झाळ देऊन ठेवलेली असते आणि ती १८३ अंशांच्या आसपासच वितळू लागते. कल्हईसाठी भांडे इतके तापवावे लागते की २३२ अंशांना वितळणारे कथील त्यावर पसरेल, मग नवसागर टाकून ते कापसाने पुसून घेतात. राखाडी झाळीचा डबा त्या कोळशावर धरला, तर कल्हई होण्याआधी तळच हातात येईल. शिवाय शिसे ही खाण्याच्या वस्तूजवळ असण्याजोगी गोष्ट नाही. म्हणून झाळ राखाडी असेल तर त्या डब्यात मसाला नको, मग कल्हईवाला काहीही म्हणो.

उत्तर २ : निवृत्त मास्तर, वर्धा

मी चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. त्यामुळे लांबण लागण्याची शक्यता आहे, तिच्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

करंडा गुलाबी का झाला ते सांगतो. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. फरशीच्या ॲसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते आणि ते तांब्यापेक्षा जस्तावर अधिक वेगाने चालून जाते. वरच्या थरातले जस्त विरघळून गेले की मागे तांब्याची सच्छिद्र साय उरते, तीच तुम्हाला गुलाबी दिसली. काळे डाग पडले, कारण त्या छिद्रांत क्लोराईड अडकून राहिले आणि हवेतल्या दमटपणाबरोबर त्याने काम पुढे चालू ठेवले. करंडा आताच खाण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणात काही वेळ ठेवून पुन्हापुन्हा स्वच्छ पाण्यातून काढावा, उन्हात पूर्ण वाळवावा आणि महिनाभर त्याच्यावर लक्ष ठेवावे. फिकट हिरवी पूड पुन्हा फुटू लागली, तर आत क्लोराईड शिल्लक आहे असे समजावे आणि धुण्याचा क्रम पुन्हा करावा. गुलाबी थर अगदी पातळ असतो, तो एखादा कारागीर पॉलिश करून काढू शकेल, पण घाई नको.

स्वच्छ पाणी म्हणताना मला दर्यापूरची अडचण ठाऊक आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे आणि तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी खारट असते. त्या पाण्याने पितळ धुवून तसेच वाळू दिले, तर प्रत्येक थेंबाच्या जागी मीठ उरते आणि तीच हिरव्या डागाची सुरुवात असते. फिल्टरचे पिण्याचे पाणी किंवा पहिल्या दोन-तीन सरींनंतर धरलेले पागोळ्यांचे पाणी वापरावे आणि डबा लगेच फडक्याने कोरडा करावा. आपल्याकडे चिंच आणि मीठ एकत्र लावून पितळ घासतात. त्यातली चिंच वाईट नाही, तिचे आम्ल काळपट थर विरघळवते. खोडी मिठाची आहे. चिंचेचा नुसता कोळ लावून दोन मिनिटांत धुतला, तर फारसे बिघडत नाही.

आता भेगांचा डबा. माझ्या दृष्टीने सगळ्या गाठोड्यात तोच सर्वांत बोलका आहे, कारण तो न आपटता तडकला आहे आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे गाठोडे गोठ्याच्या माळ्यावर होते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत असत. घोड्यांच्या पागेजवळ साठवलेल्या काडतुसांवर मुताचा अमोनिया आणि दमट हवा यांचा मिळून परिणाम होत होता, हा कार्यकारणभाव १९२१ च्या सुमारास स्पष्ट झाला. पितळ ठोकून किंवा दाबून घडवताना त्यात ताण साठून राहतो आणि अमोनिया त्या ताणाच्या जागीच धातू फोडतो. गोठ्यात अमोनियाला तोटा नाही. त्या झाकणाला ठोकून सरळ करण्याचा प्रयत्न करू नका, भेग लांबत जाईल. डबा कोरड्या जागी ठेवा आणि त्याच्यावर दुसरे काही रचू नका. काच पुसण्याच्या किंवा पितळ चमकवण्याच्या ज्या द्रवाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो, तोही या कुटुंबापासून लांब ठेवा.

साठवताना धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावे. झाकण घट्ट राहावे म्हणून रबरबँड लावण्याची आपल्याला सवय असते, पण रबरात गंधक असते आणि त्याने पितळेवर काळी रेघ उमटते. लोकरीचे कापडही त्याच कारणाने नको.

उत्तर ३ : परतवाड्याची मोठी बाई

काकाजी आणि भाऊ, दोघांनी फार नेमके लिहिले, पण मला वेगळे म्हणायचे आहे. आमच्याकडे दिवाळीत पितळ न घासता लक्ष्मीपूजन होत नाही, आणि काळवंडलेला करंडा देवापुढे ठेवायला माझे मन होत नाही. जुनेपणाच्या नावाखाली घरातली भांडी अजब बंगल्यातल्या कपाटासारखी कुलपात घालणे मला पटत नाही. नागपुरातले ते संग्रहालय १८६३ पासून आहेच, आपल्या घरात दुसरे कशाला?

माझ्याकडे सासूबाईंचा पानाचा डबा आहे. अंजनगाव सुर्जीचे पानमळे आमच्यापासून दूर नाहीत, त्यामुळे आमच्या घरी पानाला कधी तोटा पडला नाही. खालच्या कप्प्यात ओल्या फडक्यात पाने, वर चुना, कात, सुपारी, लवंग आणि विलायची, आणि बाजूला सरोता. कोणी पाहुणा आला की डबा पुढे सरकवला जाई. त्या ओल्या फडक्यानेच सगळ्या पानाच्या डब्यांचा तळ आतून हिरवा झालेला असतो, तुमचाही असेल. आता घरात पान खाणारे कोणी राहिले नाही, म्हणून मी सहा वाट्यांत गुंड्या, हुक, सुया, टाचण्या आणि दोरे ठेवते, आणि खालच्या कप्प्यात ब्लाउजची कापडे. रोज उघडते. करंडा मात्र करंडाच राहिला आहे, त्यात कुंकू भरलेले असते. मोठ्या पेटीत घराचे सातबारे आणि पासबुके ठेवावीत, असा माझा सल्ला आहे. पण डब्यात मीठ नाही, चिंच नाही आणि लोणचे तर नाहीच नाही, याबाबतीत मी काकाजींच्या बाजूची.

भंडाऱ्याचा कासार (परतवाड्याच्या ताईंना)

ताई, घासण्याला माझा विरोध नाही, कशाने घासता यावर सगळे आहे. राख चाळून घेतलेली असते का? तिच्यात एक जरी वाळूचा कण राहिला, तरी तो दर दिवाळीला नक्षीचा एक केस काढून नेतो. आपल्या डब्याच्या झाकणावर फूल असेल, तर त्याच्या पाकळ्या आज मोजता येतात का, ते पाहा.

परतवाड्याची मोठी बाई

पाहिले. मधली कमळाची चकती आहे, पाकळ्या बोटाला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत. माझ्या लग्नात त्या दिसत होत्या. यंदा झाकण नुसत्या चिंचेच्या कोळाने पुसेन, राख फक्त तळाला.

उत्तर ४ : कायद्याची बाजू (अमरावती)

विक्रीसंबंधी थोडक्यात लिहितो, कारण ‘परदेशातले ग्राहक’ हे शब्द वाचून मी थांबलो. पुरावस्तू आणि कला-संपदा अधिनियम, १९७२ हा कायदा १९७६ पासून अमलात आहे. त्याच्या व्याख्येत गतकालातील कला, हस्तकौशल्य किंवा चालीरीती दाखवणाऱ्या आणि किमान १०० वर्षे अस्तित्वात असलेल्या वस्तू येतात. अशी वस्तू केंद्र शासन किंवा त्याने अधिकृत केलेली यंत्रणा यांखेरीज कोणालाही देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. त्या गृहस्थांना परवाना दाखवायला सांगा. बहुतेक वेळा भाव तिथेच संपतो. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल, तर परदेशी पाठवण्यापूर्वी ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घेता येते. पण ते काम पाठवणाऱ्याचे आहे, तुमचे नव्हे.

डबे घरात बाळगण्यात काहीही गैर नाही. नोंदणीची सक्ती मूर्ती, चित्रे, हस्तलिखिते अशा अधिसूचित वर्गांसाठी आहे. मोडवाल्याविषयी मात्र एवढेच सांगतो, की तो वजन पाहतो आणि तुम्ही पाहत आहात ते त्याच्या काट्यावर उमटत नाही. नऊही डब्यांचे आतून, बाहेरून आणि तळाचे फोटो काढून ठेवा, आणि कोणता डबा कोणाचा होता, याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवते ते त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. ही शेवटची गोष्ट आमच्या घरी करायची राहून गेली.

प्रश्नकर्ती : दर्यापूरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवड्याभरात जे झाले ते कळवते.

करंडा सोड्याच्या पाण्यातून तीन वेळा काढला, सध्या तो शांत आहे. मोरांच्या पेटीला चुंबक धरत नाही. बिजागरीला एका बाजूला अधिकच्या खाचेचे दोन स्क्रू आहेत आणि दुसऱ्या बाजूला ठोकून बसवलेल्या रिव्हेटा, म्हणजे अर्धी बिजागरी मागाहून बदललेली दिसते. मात्र झीज भाऊंनी म्हटले तशी मोरांच्या मानेवर नाही, तर उजव्या मोराच्या पायांशी आहे. सासऱ्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की त्यांची आजी डावखुरी होती आणि पेटी मांडीवर तिरकी धरून उघडायची. शहरातल्या गृहस्थांना फोनवर परवान्याचे विचारले, त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.

आडव्या उजेडात नावातली पहिली तीन अक्षरे लागली. ती मोडी नाहीत, पण आमच्या कोणाच्याही नावाची नाहीत. आजेसासूबाईंचा जन्म १९१३ नंतरचा, तेव्हा डबा त्यांच्या आधीच्या पिढीतला असणार. पानाच्या डब्याच्या तळाशी राखाडी झाळीचा जाड पट्टा निघाला, म्हणून त्यात मसाला भरण्याचा विचार सोडला. वाट्यांत मुलीच्या बांगड्या आणि क्लिपा ठेवल्या आहेत. तळ आतून हिरवा आहेच, परतवाड्याच्या ताईंनी न पाहता सांगितले.

आता एकच अडचण राहिली. साखळीच्या चमच्याच्या चुन्याच्या डबीचे झाकण मळसूत्री आहे आणि ते चुन्याने घट्ट बसले आहे. दीर पकड घेऊन तयार बसले आहेत.

भंडाऱ्याचा कासार

पकड नको, झाकण दबून कायमचे वाकडे होईल. आत वाळलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा झालेला असतो. झाकणाच्या फटीत रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडून डबी रात्रभर उलटी ठेवा. सकाळी फक्त झाकणाला, डबीला नव्हे, गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके मिनिटभर गुंडाळा. तापून झाकण डबीपेक्षा किंचित फुगते आणि मळसूत्र सैल होते. मग ओल्या रुमालाने धरून फिरवा, आणि दोनदा झाले नाही तर तिसऱ्या दिवशी पुन्हा करा. दिरांना तोपर्यंत साखळी धरायला द्या.